मित्राच्या कर्जाला जामीन राहायचं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे शिक्षक आहेत, स्वतःच्या घराचे हप्ते चालू आहेत. डी.एड.पासूनचा त्यांचा मित्र नोकरीच्या मागे न लागता हार्डवेअरच्या धंद्यात शिरला. आता त्याला शेजारचा गाळा घेऊन दुकान वाढवायचंय. पतसंस्था ८ लाख द्यायला तयार आहे, पण दोन पगारदार जामीनदार मागते. मित्र म्हणतो, "अरे, नुसती सही आहे, तुला कुठे पैसे भरायचेत?" बायको म्हणते, सही करायची नाही म्हणजे नाही. आणि शिक्षक विचारतात, "नाही म्हटलं तर मी कसला मित्र?"

मी पतसंस्थेत आधी कर्ज विभागात होतो, नंतर निवृत्तीपर्यंत वसुलीत. सही करताना चहा पाजणारे जामीनदार पाहिले आणि पुढे त्यांच्याच दारात नोटीस घेऊन गेलो. मित्राचे पैसे भरावे लागूनही टिकलेल्या मैत्र्या पाहिल्या, आणि एक रुपयाही न जाता कायमच्या तुटलेल्याही. त्यामुळे "जामीन कधीच राहू नये" हा सल्ला मी देणार नाही. पण "मित्रासाठी एवढंही करणार नाहीस का?" या वाक्याला बळी पडून सही करू नका, हे मात्र सांगेन.

आधी ही "नुसती सही" म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे अजूनही १८७२चा भारतीय करार कायदा चालतो. त्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च, सगळं त्यात आलं. बहुतेकांची समजूत अशी की संस्था आधी मित्राच्या मागे लागेल, त्याचा माल विकेल आणि काही उरलंच तर आपल्याकडे येईल. तसं काही बंधन संस्थेवर नसतं. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वीच स्पष्ट केलंय. आधी कर्जदाराकडचे सगळे मार्ग संपवा आणि मगच माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. जामीन घ्यायचा तो याच दिवसासाठी, असा त्या निकालाचा रोख आहे. मित्राचं बरंवाईट झालं तरी कर्ज मरत नाही आणि तुमची सहीही मरत नाही.

आता वसुलीच्या खुर्चीतून बघा. माझ्यासमोर दोन नावं आहेत. एक दुकानदार, ज्याचा माल इकडचा तिकडे होतो आणि ज्याचं खातं कुठल्या बँकेत आहे तेही धड कळत नाही. दुसरा शिक्षक, ज्याचा पगार ठरल्या खात्यात येतो. (झेडपीचा पगार १ तारखेला होत नाही हे मलाही माहीत आहे, पण होतो नक्की.) मी कुणाकडे जाणार? कर्जाच्या फाइलमध्ये बहुधा पगारकपातीचं संमतिपत्रही असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०च्या कलम ४९ने त्याला बळ दिलंय. सहीच्या वेळी पंधरा-वीस कागद पुढे सरकवले जातात, त्यात हा एक असतो आणि कुणी तो वाचत नाही.

थकबाकी वाढली की संस्था त्याच कायद्याच्या कलम १०१खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे वसुली दाखला मागते. चौकशी होते, नोटिसा निघतात. इथे जामीनदार हटकून एक घोडचूक करतात. "माझं कर्जच नाही, मी कशाला जाऊ" म्हणून नोटिशीकडे पाठ फिरवतात. एकदा दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते, जप्तीपर्यंत. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो पुन्हा तपासा असा अर्ज, करायचा तर वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. म्हणजे भांडायचं ठरवलं तरी निम्मे पैसे आधी मोजायचे. तेव्हा काही सांगायचं असेल तर ते दाखला निघण्याआधी, चौकशीच्या वेळी सांगावं लागतं. लेखी, पोच घेऊन.

तुमच्या ८ लाखांचं गणित मांडतो. समजा १४ टक्के व्याज आणि ५ वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता साधारण १८,६०० रुपये येतो. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं आणि मग दुकान बसलं, तरी तेव्हा सुमारे ५ लाख ४५ हजार बाकी असतात. दुसरा जामीनदारही पगारदार आहे, म्हणजे आपल्यावर निम्मेच येतील, असा हिशेब कुणी करत असेल तर थांबा. जामीनदारांनी आपसात बोजा सारखा वाटून घ्यावा असं करार कायद्याचं कलम १४६ म्हणतं खरं, पण तो तुमचा आपसातला हिशेब झाला. संस्था एकाकडूनच सगळी रक्कम घेऊ शकते, मग दुसऱ्याच्या मागे तुम्ही फिरा.

एवढं कळल्यावर मैत्रीचा प्रश्न नीट मांडता येतो. मित्र तुमच्याकडे सही मागत नाहीये, तो तुमच्या पुढच्या पाच वर्षांच्या पगारावर हक्क मागतोय. मागू नये असं नाही. जिवलग मित्र तोही मागू शकतो. पण मग त्याने तुम्हाला निदान तेवढं तरी दाखवावं जेवढं त्याने पतसंस्थेच्या मॅनेजरला दाखवलंय. दुकानाचा महिन्याचा गल्ला किती, उधारी किती अडकलीय, व्यापाऱ्यांचं देणं किती, आधीची कर्जं कुठे आहेत, सोनं कुठे गहाण आहे का, खाजगी सावकार किंवा भिशीची उचल आहे का. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पतसंस्थेच्या कागदांवर सावकाराचं देणं कधीच दिसत नाही, आणि हप्ता थकतो तो बहुतेकदा तिथे पैसे वळल्यामुळे.

हे विचारायला लोकांना लाज वाटते. ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवलो त्याला पासबुक कसं मागायचं? मला उलटं वाटतं. ज्याचं पासबुक मागता येत नाही त्याच्या कर्जावर सही करण्याएवढी जवळीक अजून झालेली नाही. मित्राने हे प्रश्न ऐकून तोंड पाडलं, "विश्वास नाही का?" म्हणाला, तर एवढंच सांगा की मॅनेजरने विचारलं तेव्हा तू त्याला असं म्हणाला नाहीस. आणि त्याने वही काढून पुढ्यात ठेवली, तर ती संध्याकाळ त्याच्याबरोबर बसून काढा. अशा बैठकीतून गाळाच घ्यायचा नाही, आधी उधारी वसूल करायची, असं ठरलेलंही मी पाहिलंय. त्या मित्राचं त्याहून मोठं काम दुसऱ्या कुणी केलं नसतं.

सगळं बघून सही करावीशी वाटली तर एकच कसोटी लावा. हे पूर्ण पैसे मला भरावे लागले, तर माझं घर चालेल का? मुलीची फी, घराचा हप्ता, आईचं औषधपाणी धरून. उत्तर "चालेल, ओढाताण होईल" असं असेल तर सही करा. "मित्र बुडवणार नाही, त्यामुळे प्रश्नच येत नाही" असं उत्तर येत असेल तर करू नका. मित्र बुडवत नाहीत हे बरोबर आहे. पण मित्र आजारी पडतात, रस्ता रुंदीकरणात त्यांचं दुकान जातं, भागीदार पळतो.

आणि हो, बायकोला पतसंस्थेत बरोबर न्या. तिच्या पाठीमागे केलेली जामीनकी उघडी पडते तेव्हा एक घर नाही, दोन घरं फुटतात. मित्राच्या बायकोलाही या कर्जाची माहिती आहे ना, हे बघा. नवऱ्याच्या धंद्यावरचं कर्ज तिला नोटीस आल्यावर कळलं, असं फार घरांत होतं.

सही करताना रकाने कोरे असलेल्या कर्जरोख्यावर करू नका. रक्कम, व्याजदर, मुदत भरून घ्या, झेरॉक्स मागा. जामिनकीची रक्कम मर्यादित करता येते, "अमुक इतक्या रकमेपुरताच" असं लिहून. संस्था बहुधा मान्य करत नाही, पण मागायला काही लागत नाही. सहीचा कोरा चेक देऊ नका. जामीनदाराने दिलेला चेक परत गेला तरी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक-वचनचिठ्ठ्यांच्या कायद्याच्या, कलम १३८खाली फौजदारी खटला होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. कर्ज बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं असेल तर जामीनदार म्हणून तुमच्या सिबिल अहवालातही त्याची नोंद येते. उद्या तुम्हाला मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज लागलं तर ती मोजली जाते.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मार्चएंडला थकलेली खाती "नवं-जुनं" केली जातात. नव्या कर्जाने जुनं फेडायचं, म्हणजे कागदावर थकबाकी दिसत नाही. त्यासाठी जामीनदाराची पुन्हा सही लागते आणि मित्र घाईघाईत शाळेच्या गेटवर फाइल घेऊन येतो. "मागचंच आहे रे, रिन्यूअल आहे." मागचं नसतं. थकलेलं व्याज मुद्दलात मिळून नवी, मोठी जबाबदारी तयार झालेली असते. पहिली सही मैत्रीखातर केली असेल तर केली, या दुसऱ्या सहीला मात्र खातेउतारा बघितल्याशिवाय हात लावू नका. कॅश क्रेडिटसारख्या चालू मर्यादेला, म्हणजे ठरल्या रकमेपर्यंत पुन्हा पुन्हा उचलायच्या कर्जाला, जामीन असाल, तर करार कायद्याच्या कलम १३०प्रमाणे लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरता जामीन काढून घेता येतो. एकदा उचललेल्या मुदत कर्जाचा जामीन असा काढता येत नाही.

आता नकाराकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे अडलाय. नाही म्हणायचं तर लवकर म्हणा. लोक "बघतो", "पुढच्या आठवड्यात येतो", "साहेबांना विचारतो" करत महिना काढतात. तेवढ्यात मित्राने गाळ्याला इसार दिलेला असतो. मग नकाराने त्याचं खरंच नुकसान होतं आणि त्याचा राग रास्त असतो. दुसरं, बायकोच्या नावावर नकार ढकलू नका. "माझी तयारी आहे रे, पण ही ऐकत नाही" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय! त्याने तुम्ही सुटता, पण मित्राच्या घरात तुमची बायको कायमची वाईट ठरते, आणि पुढे लग्नाकार्यात दोन्ही घरांचं जाणंयेणं थांबतं. नकार तुमचा आहे, तो तुमच्या तोंडून जाऊ द्या. फोनवर नको, घरी जाऊन. "माझ्या पगारात तुझा हप्ता बसत नाही. एखाद वेळी भरायची पाळी आली तर मला जमणार नाही आणि मग आपण एकमेकांना तोंड चुकवू. म्हणून सही करत नाही." एवढं पुरे. कारणांची माळ लावली की प्रत्येक कारणावर घासाघीस सुरू होते.

मग उठून येऊ नका, बसा. सही सोडून करण्यासारखं बरंच असतं. २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत छोट्या धंद्याला तारणाशिवाय कर्ज मिळतं. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत. कागदावर सोपं आहे, पण फाइल नीट नसेल तर शाखेतून हात हलवत परत यावं लागतं. दुकानदाराला उद्यम नोंदणी, जीएसटीची विवरणपत्रं, कोटेशन, अंदाजपत्रक हे सगळं डोक्यावरून जातं. तुम्ही शिक्षक आहात, चार रविवार बसून त्याची फाइल तयार करून द्या आणि बँकेत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसा. मॅनेजर दोन माणसं समोर असली की जरा नीट बोलतो. हा अनुभव आहे.

किंवा परवडेल तेवढी रक्कम हातउसनी द्या. ८ लाखांच्या जामीनकीपेक्षा ५० हजार रोख गेलेले बरे, कारण नुकसान किती होऊ शकतं ते पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. फक्त "रोख" हा शब्द मी बोलण्यात वापरला, व्यवहार रोखीने करू नका. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने कर्जाऊ घेणं आयकर कायद्याला चालत नाही. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, म्हणजे मदत म्हणून दिलेल्या पैशाने मित्रालाच अडकवाल. खात्यातून खात्यात पाठवा. साधी वचनचिठ्ठी करा, रेव्हेन्यू स्टँप लावून. मुदतीच्या कायद्यात अशा पैशाच्या दाव्याला ३ वर्षं असतात. मधल्या काळात मित्राने बाकी लेखी कबूल केली तर ती पुन्हा मोजली जातात. मित्राकडून चिठ्ठी कसली घ्यायची, असं वाटत असेल तर एक लक्षात ठेवा. चिठ्ठी नसली की दोघांच्या आठवणीत वेगवेगळी रक्कम राहते, आणि दोघंही प्रामाणिक असतात.

आतापर्यंत सगळं तुमच्याकडून पाहिलं. पण चांगल्या मित्राची परीक्षा कर्ज घेणाऱ्याचीही असते, आणि ती जास्त कठीण आहे. नाशिक पट्ट्यातलं एक टेम्पोचं कर्ज आठवतं. भाडी कमी झाली, हप्ता चुकणार हे दिसायला लागलं तेव्हा कर्जदार आधी जामीनदाराच्या घरी गेला आणि मग दोघं मिळून आमच्याकडे आले. अजून एकही हप्ता थकलेला नव्हता. टेम्पो विकला, उरलेली रक्कम जामीनदाराने भरली. पुढे कांद्याची पट्टी झाली की दर वेळी कर्जदार त्याच्याकडे काही ना काही देऊन यायचा, कधी दोन हजार, कधी दहा. जामीनदार वहीत लिहायचा. दोघं आजही एकत्र वारीला जातात.

दुसरं उदाहरण शाळेचंच आहे. हप्ते दोन-तीन महिने मागे पडले होते, नंतर पूर्ण भरलेही. जामीनदाराच्या खिशातून दमडी गेली नाही. पण मधल्या काळात कर्जदाराने त्याचा फोन घेणं बंद केलं. समोर दिसला तर रस्ता बदलायचा. नोटीस शाळेच्या पत्त्यावर गेली, शिपायाने ती स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत हातात दिली. मित्र अडचणीत आहे हे त्या माणसाला सहकाऱ्यांसमोर कळलं. पैसे भरून झाल्यावर कर्जदार पेढे घेऊन गेला होता, पण दार उघडलं नाही.

म्हणून सही करणार असाल तर मित्राला एक अट घाला, आणि ती त्याच्याकडून शब्दांत वदवून घ्या. हप्ता चुकणार असं वाटलं की पतसंस्थेच्या आधी मला सांगायचं, चुकल्यावर नाही. रागावणार नाही, असं वचन तुम्हीही द्या आणि ते पाळा. पहिल्याच वेळी त्याने खरं सांगितलं आणि तुम्ही उखडलात, तर दुसऱ्या वेळी तो सांगणार नाही. सोबत दर तिमाहीला खातेउतारा तुम्हाला दाखवायचा. मागायची वेळ येऊ नये, त्यानेच आणून द्यावा.

बचत गटांत हेच आपोआप होतं, म्हणून तिथली फेड चांगली असते असं माझं मत आहे. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली, आणि मी जे गट जवळून पाहिले तिथे बायका महिन्याच्या बैठकीत कुणाचा हप्ता राहिला ते सगळ्यांसमोर बोलतात. रकमा लहान असतात, अडचण कळायला वर्ष लागत नाही. दवाखान्यात पैसे गेले हे माहीत असतं, म्हणून चार जणी मिळून भरतात आणि पुढच्या महिन्यात वसूलही करतात. पुरुषांच्या मैत्रीत आपण एकमेकांच्या घरी जेवतो, रात्री अपरात्री धावून जातो, पण मित्रावर कर्ज किती आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

शेवटी, भरायची पाळी आलीच तर. पैसे मित्राच्या हातात देऊ नका, थेट कर्जखात्यात भरा आणि "जामीनदार म्हणून" असं लिहिलेली पावती तुमच्या नावाने घ्या. पूर्ण भरणा केल्यावर करार कायद्याच्या कलम १४० आणि १४१प्रमाणे संस्थेचे हक्क आणि तिच्याकडचं तारण तुमच्याकडे येतं, आणि कलम १४५प्रमाणे मित्र तुम्हाला ती रक्कम देणं लागतो. हे हक्क वापरायचे की टेम्पोवाल्यांसारखी वही घालायची, ते तुम्ही ठरवा. पावती मात्र दोन्हीकडे लागते. भरण्याआधी एकरकमी तडजोडीची योजना चालू आहे का विचारा. दंडव्याज बरंच कमी होतं आणि जामीनदार स्वतः अर्ज घेऊन आला तर संचालक मंडळ सहसा ऐकतं. आणि मित्राने स्वतःच कर्ज फेडलं, तरी नादेय दाखल्याची, म्हणजे काही देणं उरलं नाही या पत्राची, एक प्रत स्वतःकडे ठेवा, चेक दिला असेल तर तो परत घ्या आणि पगारकपातीचं संमतिपत्र रद्द झाल्याचं पत्र मुख्याध्यापकांकडे पोचलंय का तेही बघा. ते बहुतेक वेळा राहून जातं.